लिफाफ्यावरची सही

वासंती गेल्याला एकोणीस दिवस झाले होते, तेव्हा तिच्या नावाचं पत्र आलं.

तिच्या नावाच्या पत्रांची दिगंबर नाचण्यांना एव्हाना सवय झाली होती. दवाखान्याची यायची, चष्म्याच्या दुकानाची यायची, बियाण्यांच्या कंपनीचा कॅटलॉग यायचा. माणूस गेल्याचं पोस्टाला उशिराच कळतं. हे पत्र मात्र टॅनर काउंटीच्या निवडणूक कचेरीचं होतं. त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोडलं.

"श्रीमती नाचणे, आपली टपाली मतपत्रिका वेळेवर पोचली. परंतु लिफाफ्यावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. ती आपलीच असल्याचं या पत्राच्या तारखेपासून सात दिवसांत सिद्ध न केल्यास मतपत्रिका बाद होईल. आपलं उत्तर न आल्यास आमच्याकडून पुढे कोणतीही कारवाई होणार नाही."

दिगंबरांनी पत्र दोनदा वाचलं. बाहेर नोव्हेंबरचा गारठा होता, तरी त्यांच्या मानेला घाम फुटला. कारण लिफाफ्यावरची सही वासंतीचीच होती. खोटी होती ती नोंदीतली. ती दिगंबरांनी केलेली होती.

नाचणे मूळचे राजापूरचे. ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी मिळाली म्हणून अडतीस वर्षांपूर्वी अमेरिकेत, मक्याच्या शेतांच्या या राज्यात आले आणि इथलेच झाले. घरात कागदांचं काम पहिल्यापासून दिगंबरांकडे. सहीसाठी वासंतीला हाक मारायची, मग तिनं गॅस बारीक करायचा, हात धुवायचे, पुसायचे, चष्मा शोधायचा. त्यापेक्षा आपणच केली की काम झालं. बँक, शाळा, विमा, सगळीकडे तिची म्हणून एक झोकदार इंग्रजी सही दिगंबरच ठोकून द्यायचे. ती म्हणायची, "अहो, माझी सही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते." यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं. ओळखीच्या चार घरांत असंच चालायचं.

नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आला. त्याच्यावरही तीच सही गेली. मग दर चार वर्षांनी दोन मतपत्रिका घरी यायच्या आणि जेवणं झाल्यावर दिगंबर दोन्ही भरून टाकायचे. अध्यक्षपदाच्या सहा निवडणुका अशाच गेल्या.

त्यांचं मन त्यांना खात नव्हतं, याला कारण होतं. अमेरिकेत तेव्हा लोकांची मतं सरळ बेरजेत येत नसत. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, असत, सगळे मिळून पाचशे अडतीस. दोनशे सत्तर ज्याला मिळाले तो अध्यक्ष. आणि राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात जवळपास सगळीकडे राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक पडत. दिगंबरांच्या राज्यात एकाच पक्षाचं पारडं पन्नास वर्षं जड होतं. तिथं कोणी कोणालाही मत दिलं तरी निकालात तसूभर फरक पडत नसे. उमेदवार या राज्यावरून विमानानं जात, खाली उतरत नसत.

मग राज्यांनी आपसांत करार केला. घटना बदलायची नाही, निर्वाचकही राहू द्यायचे. फक्त देशभरातली मतं एकत्र मोजायची आणि ज्याला सगळ्यांत जास्त, त्यालाच करारातल्या राज्यांनी आपले निर्वाचक द्यायचे. करारातल्या राज्यांचे निर्वाचक मिळून दोनशे सत्तर झाले की करार लागू. बरीच वर्षं गाडं अडून राहिलं. शेवटी दिगंबरांच्या राज्यानंही भांडत, कुरकुरत सही केली, आणि दोन हजार छत्तीसची निवडणूक नव्या पद्धतीनं होणार हे नक्की झालं.

पण पन्नास राज्यांची मतं एका बेरजेत घालायची म्हणजे एकमेकांवर विश्वास हवा. तो नव्हता. त्याच्या जागी दोन यंत्रं आली.

पहिल्याला लोक 'बंद बेरीज' म्हणत. समजा दहा जणांना आपलं वय न सांगता सगळ्यांच्या वयांची बेरीज हवी आहे. पहिल्यानं मनात एक मोठा आकडा धरायचा, त्यात आपलं वय मिळवून शेजाऱ्याच्या कानात सांगायचं. शेजाऱ्यानं त्यात आपलं मिळवून पुढे सांगायचं. फिरत फिरत आकडा परत आला की पहिल्यानं मनातला आकडा वजा करायचा. बेरीज कळली, वय कोणाचंच कळलं नाही. यंत्र हेच कोट्यवधी मतांचं करायचं. एकेक मत कुलुपात राहूनच बेरजेत पडे, आणि ती बेरीज कोणत्याही राज्याला स्वतः पडताळून पाहता येई.

दुसरं यंत्र सही तपासायचं. ते अक्षराचं वळण बघत नसे, हात बघत असे. पेन कुठे टेकलं, कुठे रेंगाळलं, कागदावर किती खोल रुतलं, रेघ वरून आली की खालून, हे सगळं ते शाईखालच्या खळग्यावरून मोजायचं. सहीची नक्कल करता येते, हाताच्या चालीची येत नाही. चालण्यावरून माणूस लांबून ओळखू यावा, तसं ते होतं.

करार लागू झाल्याची बातमी लागली त्या संध्याकाळी वासंती भाजी निवडत होती. स्वादुपिंडाचं दुखणं तेव्हा नुकतंच कळलं होतं.

"म्हणजे आता माझंही मत मोजणार?" तिनं विचारलं.

"आधीही मोजतच होते."

"मोजत होते, धरत नव्हते. या खेपेला मी देईन हं माझं. तुम्ही हात लावायचा नाही."

दिगंबरांना ते लागलं. "इतकी वर्षं मी दिलं, तेव्हा काही बोलली नाहीस."

"इतकी वर्षं ते फुकटच जात होतं, म्हणून तुमच्याकडे दिलं होतं," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून उठली.

ऑक्टोबरात मतपत्रिका आल्या तेव्हा तिला उठवत नव्हतं. तिनं मांडीवर ताट घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि दिगंबरांना खोलीबाहेर काढलं. अर्ध्या तासानं हाक आली. लिफाफा बंद होता. त्यावर देवनागरीत 'वासंती नाचणे' अशी सही होती, थोडी तिरकी. मग म्हणाली, रस्त्याकडेच्या मतपेटीपर्यंत मला न्या. गाडी त्यांनी पेटीला अगदी खेटून लावली. काच खाली करून तिनं स्वतःच्या हातानं लिफाफा आत सोडला. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. निवडणुकीला अजून अकरा दिवस होते.

आणि आता हे पत्र.

सानिका, त्यांची मुलगी, डेन्व्हरला असायची. त्यांनी फोनवर तिला पत्र वाचून दाखवलं.

"बाबा, फाडून टाका ते," ती म्हणाली.

"तुझ्या आईचं मत आहे."

"आणि सिद्ध काय करणार तुम्ही? की मी सहा वेळा बायकोची खोटी सही केली? गुन्हा आहे तो! उद्या तुरुंगाची भाषा झाली तर? नागरिकत्वावर आलं तर? त्यांनी स्वतः लिहिलंय ना, उत्तर नाही दिलं तर विषय संपला म्हणून?"

"हो. तसंच लिहिलंय."

"मग झालं तर. निकालसुद्धा लागलाय. तेवीस लाखांचा फरक आहे. आईचं एक मत गेलं काय, राहिलं काय." मग तिचा आवाज फुटला. "आई गेली. आता तुमचंही काही झालं, तर मी काय करू?"

दिगंबरांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

दुपारी मोघे डबा घेऊन आले. कारखान्यातले जुने सोबती. पत्र बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो नाचणे, सोळा कोटी मतं पडली देशात. सोळा कोटींत एक! एवढ्यासाठी स्वतःहून वाघाच्या तोंडात मुंडकं द्यायचं?"

"मोघे, तुम्ही वहिनींची सही करता?"

"म्हणजे? घरात आणखी कोण करणार?" मोघे बोलून गेले. मग डब्याचं झाकण उगाच लावत-उघडत बसले. जाताना दारात म्हणाले, "माझं नाव नका हं घेऊ तिथं."

दुसऱ्या दिवशी दिगंबर काउंटीच्या कचेरीत गेले. तिथल्या मुख्य बाई मिसेस हॉलोवे. साठीच्या, खांद्यावर शाल, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. वासंती गेल्याचं ऐकून त्यांनी आधी पाणी पुढे केलं.

"मत पेटीत पडलं तेव्हा मतदार हयात असला की आमच्या कायद्याला पुरे," त्या म्हणाल्या. "प्रश्न फक्त सहीचा आहे. मराठी लिपीत असली तरी हरकत नाही. कायद्यात लिपी लिहिलेली नाही."

"समजा," दिगंबर सावकाश म्हणाले, "नोंदीतलीच सही चुकीची असली तर?"

हॉलोवेबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मिस्टर नाचणे, पुढे बोलायच्या आधी नीट ऐका. आज यंत्र प्रत्येकाची सही फक्त त्याच्याच नोंदीशी ताडून बघतं. पण तुम्ही फेरतपासणी मागितली, तर घरातल्या सगळ्यांच्या सह्या एकमेकींशी ताडल्या जातात. मग जे निघेल ते सरकारी वकिलासमोर जातं. मला ते थांबवता येणार नाही."

"आणि मागितली नाही तर?"

"शुक्रवारी पाच वाजता लिफाफा बाद. न उघडता. कोणी काही विचारणार नाही."

"मागायची असली तर काय लागेल?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "तुमच्या पत्नीच्या हातच्या वीस सह्या. त्यांनीच केल्यात याबद्दल शंका नको, आणि साक्षीला घराबाहेरचं माणूस हवं."

वीस सह्या! घरी येऊन दिगंबरांनी कपाट उपसलं. बँकेची कागदपत्रं काढली, सही त्यांची. सानिकाची शाळेची प्रगतिपुस्तकं काढली, 'आईची सही' या रकान्यात त्यांचीच. विम्यावर त्यांची, आयकराच्या कागदांवर त्यांची. एकेक फाइल ते उघडत गेले. जिथं जिथं वासंतीचं नाव होतं, तिथं तिथं त्यांचा हात होता. लग्नाच्या नोंदवहीतली तेवढी तिची. ती राजापूरला, आणि एकच. रेसिपीची वही सापडली, पण वहीत कोण सही करतं?

ते जमिनीवर कागदांच्या मधोमध बसले. बाईनं त्रेचाळीस वर्षं संसार केला आणि तिच्या वीस सह्या दाखवायच्या झाल्या तर आपल्याकडे नाहीत. आपण तिचं काम हलकं केलं, असंच त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

कपाटाच्या दारामागे खुंटीला तिचा एप्रन होता. त्याच्या खिशाला प्लॅस्टिकचं कार्ड अडकवलेलं होतं: 'टॅनर काउंटी अन्नवाटप केंद्र, गुरुवार'. नऊ वर्षं दर गुरुवारी दिगंबर तिला त्या केंद्राच्या दाराशी सोडायचे आणि चारला घ्यायला जायचे. आत कधी गेले नव्हते. आत काय करतेस, असंही विचारलं नव्हतं.

गुरुवारी ते आत गेले. डबाबंद पदार्थांच्या रांगा, बटाट्याची पोती, भिंतीला लागून चार मोठे फ्रीज. डॉरिस नावाची धिप्पाड बाई सगळ्यांवर ओरडत होती. दिगंबरांनी नाव सांगितल्याबरोबर ती गप्प झाली आणि तिनं त्यांना सरळ मिठीच मारली.

"तुम्ही गाडीतले!" ती म्हणाली. "नऊ वर्षं आम्ही तुम्हाला काचेतून बघतोय. ती कधी आत येऊ द्यायची नाही तुम्हाला. म्हणायची, आला तर मला बाजूला सारून स्वतःच सगळं करायला लागेल."

दिगंबरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी विचारलं, "ती इथं कशावर सही वगैरे करायची का?"

"सही? अहो, फ्रीज तिच्याकडे होते!"

डॉरिसनं मागच्या खोलीतून एक खोकं ओढत आणलं. दान आलेलं दूध, अंडी, मांस लोकांना वाटायचं, म्हणून दर तासाला प्रत्येक फ्रीजचं तापमान लिहून ठेवायचा नियम होता. प्रत्येक आकड्यापुढे लिहिणाऱ्यानं आपलं आद्याक्षर काढायचं आणि पानाच्या तळाशी पूर्ण सही करायची. नऊ वर्षांची पानं होती. प्रत्येक आकड्यापुढे 'वा'. प्रत्येक पानाच्या तळाशी 'वासंती नाचणे', थोडी तिरकी.

"आम्हाला ते छोटं चित्र वाटायचं," डॉरिस 'वा'वर बोट ठेवून म्हणाली. "तिनं मग एकदा फोड करून शिकवलं. एकदा तापमान दोन अंशांनी चढलं, तर हिनं सगळं दूध ओतायला लावलं. मी म्हटलं, जाऊ दे गं, आकडा बदल. तर म्हणाली, खाली माझी सही आहे."

दिगंबर पानं उलटत राहिले. वीस हवी होती, चारशेंवर निघाली.

"साक्षीला याल?" त्यांनी विचारलं.

"कधी निघायचं?" डॉरिसनं एप्रन काढायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी त्यांनी फेरतपासणीच्या अर्जावर सही केली आणि सानिकाला तसं कळवलं. तिनं फोन ठेवून दिला. शुक्रवारी सकाळी सुनावणीच्या खोलीबाहेर ती बाकावर बसलेली होती, पायाशी विमानातली छोटी बॅग.

"मला पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण एकट्यानं आत जायचं नाही."

आत तीन जणांचं मंडळ होतं, दोन पक्षांचे दोन आणि एक तटस्थ. कोपऱ्यात सरकारी वकील बसले होते. डॉरिसनं शपथ घेऊन खोकं पुढे ढकललं. मिसेस हॉलोवेंनी चाळीस पानं उचलून यंत्राखाली धरली, मग लिफाफा धरला. पडद्यावर रेघा आल्या. आजारपणात हात थरथरलेला दिसत होता, पण 'वा'चा काना वरून खाली तसाच ठाम, शेवटी कागदात रुतलेला.

"हात एकच," मिसेस हॉलोवे म्हणाल्या. "शंभरात सत्त्याण्णव." मग त्यांनी दुसरे कागद धरले आणि आवाज खाली आला. "नोंदीतली सही आणि श्री. नाचण्यांची स्वतःची सही, हाही हात एकच."

दिगंबर उभे राहिले. बोलायचं म्हणून रात्रभर त्यांनी काहीबाही ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"ती मीच केली," ते म्हणाले. "अर्जावर केली, आणि सहा वेळा तिची पत्रिकाही मीच भरली. वाईट हेतू नव्हता, पण विचारलंही नव्हतं. ही सातवी तिनं भरली. तिची अशी एवढी एकच आहे. माझ्यावर जे करायचं असेल ते करा, पण ती बाद करू नका."

मंडळातल्या म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "इतक्या वर्षांत त्या कधी काही म्हणाल्या नाहीत?"

"म्हणाली. यंदा."

मागे सानिकानं नाक पुसल्याचा आवाज आला.

मंडळानं फार वेळ घेतला नाही. तिघांचेही हात वर झाले. मग सगळे वकिलांकडे बघू लागले. त्यांनी कागद चाळले, चष्मा काढला.

"बहुतेक प्रकार मुदतीबाहेर गेलेत. राहिलेल्यात यांनी स्वतः येऊन सांगितलंय, नाही तर आम्हाला कधीच कळलं नसतं. खटल्यात मला काही अर्थ दिसत नाही. लेखी ताकीद देतो. आणि मिस्टर नाचणे, तुमचं टपाली मतदान आजपासून बंद. यापुढे केंद्रावर या आणि रांगेत उभे राहा."

"एवढंच?" दिगंबरांच्या तोंडून निघून गेलं.

"आणखी काही हवंय का?" वकील म्हणाले, आणि डॉरिस मोठ्यानं हसली.

दिगंबर खुर्चीत बसले. गेले चार दिवस छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं होतं, तो उचलला गेला. सानिकानं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मिसेस हॉलोवेंनी सगळ्यांसमोर लिफाफा कापला. आतली पत्रिका घडीसकट, पालथी धरून यंत्रात सरकवली. ती कोणीही पाहिली नाही. पाहायची सोयच नव्हती. यंत्र क्षणभर घुरघुरलं. भिंतीवरच्या पाटीवर टॅनर काउंटीच्या मतांचा आकडा होता एकेचाळीस हजार दोनशे सहा. तो दोनशे सात झाला. देशाची बेरीजही त्याच क्षणी एकानं पुढे गेली असणार. ती इथून दिसत नव्हती.

बाहेर ऊन पडलं होतं. गाडीत बसल्यावर सानिकानं पट्टा लावला. मग तिनं विचारलं, "बाबा, आईनं कोणाला दिलं असेल हो?"

दिगंबरांनी खरोखरच विचार करून पाहिला. तिला चहात साखर किती लागते हे त्यांना ठाऊक होतं, कोणत्या कुशीवर झोप लागते ते ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं, आणि आता कळायची वाटही उरली नव्हती. नवल म्हणजे त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.

"विचारलं नाहीत कधी?"

"विचारलं ना. पेटीपाशी, परत फिरताना विचारलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्हाला काय करायचंय?"

सानिका फसकन हसली. आईचा तो ठसका तिला ओळखीचा होता. दिगंबरही हसले. वासंती गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. हसता हसता डोळे पुसून त्यांनी गाडी सुरू केली.